बेचाळीस मुलांत तिसरी

ताकासाकी, २१ जुलै २०२३

आजोबा,

पत्राच्या सुरुवातीला हवापाण्याबद्दल चार ओळी लिहाव्यात असं तुम्ही मागच्या वेळी बजावलंत, म्हणून लिहिते. खूप उकडतंय. झालं.

आता मुद्द्याचं. काल पहिलं सत्र संपलं आणि प्रगतिपुस्तक हातात आलं. गणितात पाचपैकी तीन. सत्राच्या मधल्या परीक्षेत मला एक्क्याण्णव होते आणि शेवटच्या परीक्षेत अठ्ठ्याऐंशी. माझ्या शेजारी बसणाऱ्या काहोला दोन्ही वेळा पंचाहत्तरच्या पुढे जाता आलं नाही, आणि तिला चार. ती मला म्हणाली, 'छापायला चुकले असतील.' तिला खरंच तसं वाटलं, म्हणून मला जास्त राग आला.

तुमच्या वेळी कसं होतं माहीत नाही, पण आता प्रत्येक विषयाला तीन रकाने असतात. 'माहिती आणि कौशल्य' यात मला अ आहे. 'विचार आणि मांडणी' यात ब. तिसरा रकाना 'आपणहून शिकण्याची वृत्ती' असा आहे, आणि त्यात क. पूर्ण वर्गात क फक्त दोघांना आहे, मी आणि ओगिहारा. ओगिहारा तासाला झोपतो.

मी गणिताच्या एबिसावा बाईंना विचारायला गेले. त्या म्हणाल्या, 'तुझी वही नीट बघ, म्हणजे कळेल.' मी बघितली. मला काही कळलं नाही. माझ्याइतकी स्वच्छ वही वर्गात कोणाची नाही.

आई भयंकर चिडली आहे. हे अंक पुढे हायस्कूलच्या प्रवेशाला धरतात, त्यामुळे सुट्टी संपली की शाळेत जाऊन बाईंशी बोलणार म्हणते. ती बोलली तर पुढची दीड वर्षं मला वर्गात मान खाली घालून बसावं लागेल. म्हणून माझी विनंती आहे की तुम्हीच बाईंना एक पत्र लिहा. तुम्ही अडतीस वर्षं गणिताचे मास्तर होतात. जुन्या मास्तरांचं पत्र आलं की त्या घाबरतील. पुरावा म्हणून वही सोबत पाठवते आहे. फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही नुसतं 'हं, हं' करता आणि तुम्हाला एक अक्षर ऐकू आलेलं नसतं.

मिनोरी

ता. क. मी तुम्हाला लिहिलंय हे आईला माहीत नाही.


हामोची, सादो बेट, २९ जुलै

मिनोरी,

'खूप उकडतंय, झालं' याला मी हवापाणी म्हणत नाही. इथे समुद्रावरून वारा निघतो, पण आमच्या टेकडीपर्यंत येता येता तो दमतो. पर्सिमनच्या झाडांना अक्रोडाएवढी फळं धरलीत. मी सकाळी त्यांची पाहणी करतो आणि दुपारी झोपतो. हे झालं हवापाणी.

तुझ्या बाईंना मी पत्र लिहिणार नाही. लिहिलं तर त्यांची बाजू घेऊन लिहावं लागेल, आणि ते तुला आवडणार नाही.

तुझी वही पाहिली. लग्नाच्या हॉलसारखी आहे, सगळं चकचकीत आणि कोणी राहत नाही. पहिल्या पानाच्या आत बाईंनी एप्रिलमध्ये दिलेला कागद तू छान चारी कडांना गोंद लावून डकवला आहेस. कशाला किती गुण, वहीकडून काय अपेक्षा, सगळं त्यात लिहिलं आहे. तो तू डकवलास, पण वाचला नाहीस. चौथा मुद्दा वाच. 'चुकलेलं पुसू नये. तसंच ठेवून शेजारी लाल पेनाने दुरुस्त करावं. तुम्ही कुठे अडलात आणि कसे सुटलात, हे वहीत दिसलं पाहिजे.'

मग मी ती वही खिडकीत उजेडाला तिरकी धरली. अडतीस वर्षं नुसती खडूची धूळ नाही खाल्ली मी. कागदावर जागोजाग खळगे दिसले. बोथट पेन्सिल घेऊन हलक्या हाताने त्यावरून फिरवली, तर तू पुसलेलं सगळं पांढऱ्या अक्षरात वर आलं.

पान सतरा. दोन अंकी संख्या घ्या, तिचे अंक उलटे करून मिळवा, बेरीज अकराच्या पटीत येते हे दाखवा. वरती स्वच्छ अक्षरात फळ्यावरून उतरवलेली सिद्धता आहे, जी तुझ्या वर्गातल्या सगळ्यांच्या वहीत असणार. आणि खाली, पुसलेलं, हे आहे: चौतीस अधिक त्रेचाळीस, सत्त्याहत्तर. पंचवीस अधिक बावन्न, सत्त्याहत्तर. सोळा अधिक एकसष्ट, सत्त्याहत्तर. आणि बाजूला तिरकं लिहिलंयस: 'दर वेळी सत्त्याहत्तरच का? दोन अंकांची बेरीज सात आहे म्हणून?'

पोरी, हे तू पुसलंस? अकरा गुणिले सात. तू उत्तराच्या दारात उभी होतीस आणि पाय पुसून परत गेलीस. तुझ्या बाईंना यातलं एक अक्षर दिसलं नाही. त्यांनी जे दिसलं त्याला क दिला. मीही तोच दिला असता.

त्या पानावर मी लाल पेनाने शाबासकीचं एक मोठं फूल काढलं आहे. नोकरीत असताना असली फुलं मी कोणासाठी काढली नाहीत. वही परत पाठवतो आहे, बाईंना दाखव.

फक्त एक सांग. कागद न वाचणं मी समजू शकतो. पण इतका जोर लावून कोणासाठी पुसत होतीस? बाईंसाठी तर नाही.

आजोबा


ताकासाकी, ६ ऑगस्ट

आजोबा,

इथे सकाळी आठ वाजताच झाडांवरचे किडे किरकिरायला लागतात आणि डांबर पायाला चिकटतं. हे चालेल ना?

तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर मी आधी लिहिणार नव्हते. दोन दिवस वही पिशवीत ठेवली. मग वाटलं, तुम्हाला पुसलेलं वाचता येतं, तर न लिहिलेलंही येईल.

आई रोज संध्याकाळी माझी वही बघते. जेवणाआधी, टेबलावर. बाबा नागोयाला बदलीवर असतात, महिन्यातून एकदा येतात, त्यामुळे आम्ही दोघीच असतो. पानावर लाल खूण दिसली तरी ती रागावत नाही. बोलतच नाही. नुसती उठते आणि भांडी घासायला लागते. आमच्याकडे भांडी धुवायचं मशीन आहे, आजोबा. तरी ती हाताने घासते, आणि त्या भांड्यांचा आवाज ऐकत मला जेवावं लागतं. म्हणून मी आधी पुसते आणि मग वही देते.

एकदा मी विचारलं, 'चुकलं तर काय होतं?' ती म्हणाली, 'तुझ्यात माझं डोकं आलंय, त्याला चुकून चालत नाही. माझं डोकं चारपर्यंतच जातं.' तिच्या शाळेतली प्रगतिपुस्तकं तिने एका बिस्किटाच्या डब्यात ठेवली आहेत. मी चोरून पाहिली. सगळीकडे पाच आहेत आणि माध्यमिकच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे मी आता आहे तिथे, गणितात चार. त्या पानावर शिक्षकाचा म्हणून तुमचा शिक्का आहे. कुवाबारा.

तुम्ही आईला शिकवत होतात हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आईला गणित खरंच येत नव्हतं का?

ओबोनला, पितरांच्या सणाला, आम्ही येणार होतो, पण आई म्हणते सुट्टी मिळत नाही. मला वाटतं तिने मागितलीच नाही. आजीच्या अंत्यविधीनंतर पाच वर्षं झाली, ती एकदाही तिकडे आलेली नाही. तुम्हाला राग येतो का?

मिनोरी


हामोची, १७ ऑगस्ट

मिनोरी,

ओबोन काल संपला. आजीच्या थडग्यावर पाणी घातलं, उदबत्ती लावली, शेजारच्या हिगुचीबाईंनी दिलेले लाडू ठेवले आणि परत येताना मीच खाल्ले. राग नाही आला. तुझी आई, नोबुए, येत नाही याला कारण आहे, आणि ते कारण म्हणजे चौतीस वर्षांपूर्वी मी केलेली एक गोष्ट, असं मला वाटत आलं आहे.

आईला गणित येत होतं. हे वाक्य लिहायला मला या आठवड्यात चार कागद लागले.

नीट ऐक. त्या काळी आजच्यासारखं नव्हतं की ज्याला जमलं त्याला पाच. तेव्हा पाच मोजून द्यायचे. वर्गात मुलं किती, त्यावरून पाच किती जणांना, चार किती जणांना, हे आधीच ठरलेलं. आमच्या शाळेत तुझ्या आईच्या इयत्तेचा एकच वर्ग होता, बेचाळीस मुलांचा. पाच फक्त तिघांना. चौथा कितीही हुशार असला तरी त्याला चार. आणि गणिताचा मास्तर मी एकटाच, त्यामुळे स्वतःच्या मुलीला शिकवणं टळणार नव्हतं.

पहिल्या सत्राच्या शेवटी मी बेरजा केल्या. पहिले दोन जण ठरलेले होते. तिसरी नोबुए. चौथी सानाए नावाची मच्छीमाराची मुलगी, सात गुणांनी मागे. सात गुण म्हणजे थोडे नव्हेत. मी नोंदवहीत नोबुएच्या नावापुढे पेन्सिलीने पाच लिहिला. तो तीन दिवस तिथे होता. तीन दिवस मी जेवताना, चालताना, आंघोळ करताना गावाचं बोलणं ऐकत होतो, जे कोणी बोललेलंच नव्हतं. मास्तरने आपल्या पोरीला पाच दिला आणि कोळ्याच्या पोरीचा काढून घेतला. चौथ्या दिवशी मी खोडरबर घेतला. सानाएला पाच, नोबुएला चार, आणि वरून शाई फिरवली.

तेव्हा मला वाटलं मी फार मोठा न्याय केला. स्वतःच्या रक्ताला बाजूला ठेवलं वगैरे. कोणी विचारलं असतं तर मी अभिमानाने सांगितलं असतं. कोणी विचारलं नाही. पुढच्या वर्षी तुझ्या आईने विज्ञानाचं हायस्कूल सोडून कॉमर्सचा अर्ज आणून माझ्यापुढे ठेवला, तेव्हा मला कळलं मी काय केलं होतं. मी सही केली. बोललो नाही. तिच्या आयुष्याची वाट मी एका अंकाने वळवली, आणि तो न्याय नव्हता. मी लोकांना घाबरलो होतो.

हे मी तुझ्या आजीलाही कधी सांगितलं नाही. तू पहिली आहेस, आणि तुला सांगणं सोपं आहे, म्हणून तर सांगितलं. सांगायला हवं होतं नोबुएला. ते काम माझं आहे, तुझं नाही. मी तिला लिहितो. तोपर्यंत तू गप्प राहा. एवढं ऐकशील ना?

आजोबा


ताकासाकी, ५ सप्टेंबर

आजोबा,

आज हवापाणी नाही. माफ करा.

आधी चांगली बातमी सांगते. शाळा सुरू झाल्यावर मी वही घेऊन एबिसावा बाईंकडे गेले आणि पान सतरा दाखवलं. त्यांनी पेन्सिल फिरवलेली सगळी पानं एकेक करून पाहिली. शिक्षकांच्या खोलीत, उभ्या उभ्या, घंटा होईपर्यंत. मग म्हणाल्या, 'मला वाटत होतं तू सगळं क्लासमधून शिकून येतेस आणि माझ्या तासाला नुसतं उतरवतेस.' पहिल्या सत्राचा तीन बदलणार नाही, कारण तो त्या वहीला होता. पण दुसऱ्या सत्रात खोडरबर घरी ठेवायचा असं ठरलं. पान सतरावरचं फूल कोणी काढलं असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, एका कडक मास्तरांनी.

आता दुसरी बातमी. मी ती वही पिशवीतून काढून टेबलावर ठेवली. रोजची सवय. तुमचं पत्र आतच होतं.

मी आंघोळ करून आले तेव्हा आई ते वाचत होती. मला बघून तिने वाचायचं थांबवलं नाही. शेवटपर्यंत वाचलं, मग पहिल्यापासून पुन्हा वाचलं. मासा जळायला लागला तेव्हा मीच गॅस बंद केला. मला वाटलं आता भांडी. पण तिने भांड्यांना हात लावला नाही. पत्राची घडी घातली, स्वतःच्या ऑफिसच्या पिशवीत ठेवली, आणि आम्ही जळका मासा खाल्ला. त्याला आज चार दिवस झाले. ती माझी वही मागत नाही. एक शब्द बोलत नाही. मला भीती वाटते आहे.

तुम्ही तिला लिहिलं होतं का? ती काही म्हणत नाही, म्हणजे लिहिलं नसावं. माझी चूक झाली. पण आजोबा, तुम्हीही एकोणीस दिवस घेतलेत.

मिनोरी


ताकासाकी, १२ सप्टेंबर

बाबा,

तुमचं पत्र माझ्याकडे आहे. ते माझ्या नावाचं नव्हतं, तरी मी ठेवून घेतलं आहे. मिनोरी म्हणते ते वहीत चुकून राहिलं. ती इतकी विसराळू नाही, पण ते तिचं तिच्यापाशी.

आधी एक ओझं उतरवून ठेवा, कारण ते तुम्ही फुकट वाहिलंत. कॉमर्सला मी त्या चारमुळे गेले नाही. त्या हायस्कूलच्या बँडमध्ये मुलींना ट्रॉम्बोन वाजवू देत. विज्ञानवाल्या हायस्कूलमध्ये बँडच नव्हता. मला ट्रॉम्बोन हवा होता, एवढंच. तुम्ही अर्ज समोर धरून इतका वेळ बसलात की मला वाटलं आता विचारतील, का म्हणून. मी उत्तर तयार ठेवलं होतं. तुम्ही सही केलीत आणि शिक्का शोधायला उठलात. विचारलं असतंत तर दोन मिनिटांत कळलं असतं. मी तीन वर्षं तो ट्रॉम्बोन वाजवला, आणि बाबा, मी चांगला वाजवत होते.

आणि मी तिकडे येत नाही ते रागाने नाही. आई गेल्यापासून त्या घरात आपण दोघं समोरासमोर बसलो की कोणाला काही बोलायला सुचत नाही. ते मला सहन होत नाही.

आता रागाचं. मी रागावले आहे, आणि ते तुम्हाला कळायला हवं. ज्या दिवशी प्रगतिपुस्तकं दिलीत त्या रात्री जेवताना आईने विचारलं, नोबुएचं कसं काय? तुम्ही म्हणालात, 'ठीक आहे.' आणि लोणचं घेतलंत. मी तुमच्याकडे बघत होते. मला वाटलं, या माणसाकडे बेचाळीस मुलांच्या वह्या असतात, माझी तर त्याला पाठ असेल. तो चार म्हणतो म्हणजे मी चार आहे. त्या जेवणात मी ते ठरवून टाकलं. अजूनही आमच्या पाणीपुरवठा खात्यात कोणी गळतीचा आकडा काढायला सांगितला की मी कागद शेजारच्या टेबलावर सरकवते. 'माझं गणित कच्चं आहे' असं हसून सांगते. लोक हसतात. आणि घरी येऊन मी पोरीच्या वहीतल्या लाल खुणा मोजत बसले.

पण खरं सांगू का, पत्र वाचल्यावर आधी राग आलाच नाही. आधी एकदम हलकं वाटलं. इतकी वर्षं मला वाटायचं की तुम्ही मला नीट मोजलंत आणि मी कमी भरले. तसं नव्हतं. मी पुरेशी होते आणि तुम्ही घाबरलात. बाप घाबरट असणं मला चालेल, बाबा. ते दुसरं मला चालत नव्हतं. स्वयंपाकघरात बसून मी इतकी हलकी झाले की मासा जळतोय हे नाकाला कळून डोक्याला कळेना. चार दिवस मी गप्प होते ते रागाने नाही. तोंड उघडलं तर हसेन की रडेन, याचा भरवसा नव्हता. बिचाऱ्या मिनोरीला ते उशिरा सांगितलं.

आता एक गोष्ट मागते. हे सगळं मला मुलीच्या वहीतून कळलं. तुम्ही मला सांगितलेलं नाही. कारणं नकोत, गावातले लोक काय म्हणाले असते ते नको, त्या काळची पद्धत नको. ती मला माहीत आहे, मीही त्याच वर्गात होते. मला फक्त तुमच्याकडून ऐकायचं आहे. ते आलं तर पुढचं बोलू.

नोबुए


हामोची, २० सप्टेंबर

नोबुए,

१९८९ साली, माध्यमिकच्या दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या सत्रात, गणितात तू बेचाळीस मुलांत तिसरी होतीस. पाच तुझे होते. मी ते दिले नाहीत. चूक माझी होती, तुझ्यात काही कमी नव्हतं.

तू कारणं नको म्हणालीस, म्हणून लिहीत नाही. पण एक गोष्ट कारणात मोडत नाही, ती तुझी आहे आणि माझ्याकडे पडून आहे.

त्या परीक्षेत बोटीचं गणित होतं. चोवीस किलोमीटर नदी, प्रवाहाविरुद्ध तीन तास, प्रवाहाबरोबर दोन. बोटीचा वेग किती आणि पाण्याचा किती. मी शिकवल्याप्रमाणे सगळ्यांनी दोन समीकरणं मांडली. तू मांडली नाहीस. तू दोन काठ्या शेजारी शेजारी उभ्या काढल्यास, एक आठची, एक बाराची, आणि दोन्हींच्या टोकांच्या बरोबर मध्ये एक आडवी रेघ मारलीस. बोट दहा, पाणी दोन. खाली लिहिलंस, 'पाणी जेवढं ओढतं तेवढंच ढकलतं.' बास. मी ते टेबलावर ठेवून बराच वेळ बघत बसलो. मला ते कधी सुचलं नव्हतं.

पुढच्या वर्षापासून निवृत्त होईपर्यंत, सतरा वर्षं, मी प्रत्येक वर्गाला बोटीचं गणित तुझ्या काठ्यांनी शिकवलं. ज्या मुलांना समीकरणं जमत नसत त्यांनाही ते कळायचं. मुलं म्हणायची, मास्तर, हे भारी आहे. मी हो म्हणायचो. ते कोणाचं आहे, हे मी एकदाही सांगितलं नाही. त्या वर्गांत नाही, घरात नाही, तुला नाही. अंक मी भीतीपोटी बदलला. पण हे मी का सांगितलं नाही, याला माझ्याकडे कारणही नाही.

ट्रॉम्बोनचं मला माहीत नव्हतं. तुझ्या आईला माहीत होतं का? मला ते ऐकायला आवडलं असतं.

बाबा


ताकासाकी, २३ डिसेंबर

आजोबा,

काल रात्रीपासून डोंगरावरून तो कोरडा वारा सुटलाय, सायकल पुढे जायच्याऐवजी बाजूला जाते, आणि ओठ फुटलेत. तुम्ही पाठवलेल्या पर्सिमनच्या पेटीतली शेवटची चार फळं बाल्कनीत आहेत. आता तरी हवापाण्याचे पूर्ण गुण द्या.

दुसरं सत्र संपलं. गणितात चार. परीक्षेत ब्याऐंशीच मिळाले, आलेखांनी घोळ केला, पण तिसऱ्या रकान्यात अ आहे. वही आता इतकी लाल झालीय की काहोने विचारलं, नाकातून रक्त येतं का तुला. आईने प्रगतिपुस्तक पाहिलं आणि मला विचारलं, 'तुला स्वतःला किती वाटत होते?' मी म्हटलं चार. ती म्हणाली, 'मग बरोबर दिलेत,' आणि जेवायला वाढलं. भांडी मशीनमध्ये गेली.

तुम्ही आईला सप्टेंबरमध्ये काय लिहिलंत ते तिने मला अजून वाचायला दिलेलं नाही. पण ते आलं त्या दिवशीचं सांगते. तिने दारातच, पायातले बूट न काढता पाकीट फोडलं. वाचलं, आणि तिथेच पायरीवर बसली. मी विचारलं काय झालं, तर हाताने थांब म्हणाली. बऱ्याच वेळाने उठली, डोळे पुसले, आणि मला म्हणाली, 'तुमच्या पुस्तकात बोटीचं गणित आहे का?' होतं. दुसऱ्या दिवशीच्या अभ्यासातच होतं. तिने माझी पेन्सिल घेतली आणि दोन काठ्या काढल्या. मला दोन मिनिटांत कळलं. मी म्हटलं, हे कुठे शिकलीस? ती म्हणाली, 'हे माझं आहे.' असं म्हणताना ती तेरा वर्षांची दिसत होती, खरंच.

मी ते वहीत काढलं. एबिसावा बाईंनी तास थांबवून ते फळ्यावर घेतलं आणि विचारलं, ही रीत कोणाची? मी उभी राहून म्हटलं, 'माझ्या आईची. हामोची माध्यमिक शाळा, कुवाबारा नोबुए.' बाईंनी ते नाव फळ्यावर लिहिलं. मुलांनी वहीत उतरवलं. घरी येऊन आईला सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी ती ऑफिसातून आली ती सांगत आली की आज गळतीचा आकडा तिनेच काढला, आणि तो बरोबर निघाला.

नोव्हेंबरमध्ये बाई, आई आणि मी अशी बैठक झाली. बाईंनी आईला विचारलं, मिनोरीकडून तुमची काय अपेक्षा आहे? आई म्हणाली, 'तिने चुकलेलं मला दाखवावं, एवढीच.' बाईंनी ते लिहून घेतलं.

आता महत्त्वाचं. तीस तारखेला दुपारच्या बोटीने आम्ही येतोय. बाबाही येतील, नागोयाहून थेट. पाच दिवस राहणार आहोत. आई म्हणाली की आजोबांना कळव, बोट लागल्यामुळे उतरताना माझा चेहरा वाईट असेल, त्याला राग समजू नका. खरा राग अजून थोडा शिल्लक आहे, तो मी दुसऱ्या दिवशी काढीन, आणि तेव्हा त्यांनी लोणचं घ्यायचं नाही, ऐकायचं.

तिने हेही सांगितलंय की धक्क्यावर थंडी असते, तुम्ही घ्यायला येऊ नका.

मी सांगते, या.

मिनोरी